वाचकांचे प्रश्न : फंकचा ठेका आणि त्यामागचं राजकारण

प्रश्न : आमच्या हौशी बँडमध्ये ड्रम, बास, गिटार आणि ट्रम्पेट आहे. जेम्स ब्राउन या अमेरिकन गायकाची फंक, म्हणजे ठेक्यावर उभी असलेली, गाणी बसवतो, पण ती रॉकसारखीच वाजतात. कुठे चुकतं?

उत्तर : बहुधा पहिल्या मात्रेवर. रॉक आणि सोलमध्ये (कृष्णवर्णीय अमेरिकनांची गायकी) दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअर (ड्रमसंचातला कडक आवाजाचा ढोल) जोरात पडतो आणि सगळा बँड त्याच्या आधाराने चालतो. ब्राउनने 1965 च्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग'पासून वजन पहिल्या मात्रेवर आणलं. वादक तिला नुसतं 'द वन' म्हणतात. ही सम दर चार मात्रांनी येते. तिथे बास आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ढोल) एकदम पडायलाच हवेत. दोन-चारचा स्नेअर काढायचा नाही, पण त्याच्यावर विसंबायचंही नाही.

मेट्रोनोम (लय मोजून देणारं यंत्र) मिनिटाला 90 मात्रांवर लावा. प्रत्येक मात्रेचे चार भाग, म्हणजे एका बारमध्ये (चार मात्रांच्या आवर्तनात) सोळा. हाय-हॅटवर (ड्रमसंचातल्या झांजांच्या जोडीवर) सोळाही वाजू द्या. बासवाल्याने 'एक'वर ठाम स्वर द्यावा आणि मग बराच वेळ गप्प बसावं. गिटारवर नाइन्थ कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा एक प्रकार) धरा. उजवा हात सोळाही भागांवर चालू ठेवा, पण डाव्या हाताची बोटं सैल सोडा, म्हणजे तारांची नुसती खरखर येईल. कॉर्ड दोन-तीन ठिकाणीच दाबा. ट्रम्पेटलाही तालवाद्यच समजा : तुटक, छोटे फटके.

सर्वात जास्त बिघडतं ते मोकळी जागा दिसली की ती भरण्याच्या मोहाने. चौघांनी जागा भरली की लय वाढते आणि 'एक' हरवतो. कॉर्ड बदलत राहायचा मोहही आवरा. 'कोल्ड स्वेट'चा (1967) मुख्य भाग एकाच कॉर्डवर उभा आहे. सॅक्सोफोनवादक पी वी एलिस त्याचा सहरचनाकार. त्यात ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड चौथ्या मात्रेवर अपेक्षित असलेला स्नेअर अर्धी मात्रा उशिरा टाकतो. तो एक ठोका आधी हातात बसवा, बाकीचं मग बघता येईल.

प्रश्न : 'से इट लाउड, आय अॅम ब्लॅक अँड आय अॅम प्राउड' म्हणणारा ब्राउन अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचा होता का?

उत्तर : नाही, आणि हा गोंधळ फार जुना आहे. 4 एप्रिल 1968 ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच रात्री बॉस्टनमध्ये ब्राउनचा कार्यक्रम होता. तो रद्द न करता शहरभर टीव्हीवर दाखवला गेला. लोक घरीच थांबावेत हा त्यामागचा हेतू, आणि इतर अनेक शहरं पेटलेली असताना बॉस्टन त्या रात्री बरंच शांत राहिलं. ऑगस्टमध्ये हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. घोषणेला उत्तर देणारा आवाज मुलांचा आहे. 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या आर अँड बी (मुख्यतः कृष्णवर्णीय संगीताच्या) यादीत ते सहा आठवडे पहिलं होतं, पॉप यादीत मात्र दहाव्या क्रमांकापर्यंतच गेलं. या गाण्यामुळे आपले बरेच गोरे श्रोते दुरावले, असं ब्राउन पुढे म्हणत असे.

त्याचं राजकारण मात्र धंद्याचं होतं. नॉक्सव्हिल, ऑगस्टा आणि बाल्टिमोर इथली रेडिओ स्टेशनं त्याने विकत घेतली आणि 1972 च्या निवडणुकीत रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पाठिंबा दिला. भांडवल कृष्णवर्णीयांच्या हाती यावं, हा त्याचा मार्ग. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 1966 मध्ये ओकलंडला काढलेल्या ब्लॅक पँथर पक्षाला भांडवलशाहीच नको होती. पक्षाचा स्वतःचा फंक बँडही होता : 1970 चा 'द लम्पेन'. गाणारे चौघे पक्षाचेच कार्यकर्ते. तुरुंगात असलेल्या सील यांच्यासाठी त्यांनी 'फ्री बॉबी नाऊ' ही तबकडी काढली. कार्यक्रमात लोकप्रिय सोल चालींवर पक्षाचे शब्दही बसवत. ऐकायला मजा येते, पण ठेक्याच्या बाबतीत ब्राउनच्या बँडशी तुलना नको.

प्रश्न : दलित पँथरमार्गे फंक महाराष्ट्रात आलं का?

उत्तर : दलित पँथरचं नाव ब्लॅक पँथरवरून आलं, ठेका नाही. 1972 मध्ये मुंबईत ज्या तरुणांनी संघटना उभी केली, ते नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार लिहिणारे होते. त्यांचं हत्यार कविता आणि लेख. चळवळीच्या गाण्यांचं मूळ शोधायचं असेल, तर आंबेडकरी जलशांकडे वळा.