टाकीवर दिसलेलं उदमांजर म्हणजेच पाणमांजर का?

तुम्ही लिहिलंय की गोरेगावला सोसायटीच्या टाकीवर रात्री लांब शेपटीचा प्राणी दिसला, वॉचमन त्याला उदमांजर म्हणाला आणि शोधल्यावर मासे खाणाऱ्या पाणमांजराची माहिती निघाली. दोन्ही एकच का?

नाही. घोटाळा नावाचा आहे. उदमांजर हे नाव कोणी पाणमांजराला लावतं, कोणी कांडेचोराला (झाडांवर राहणारं ताडमांजर). पाइप धरून गच्चीवर चढणारा, रात्री फळं, किडे, उंदीर शोधणारा तो बहुधा कांडेचोर. त्याला मारू किंवा हाकलू नका, उजाडायच्या आत तो आपणहून दडून बसतो.

पाणमांजराचं कूळच वेगळं, चांदी अस्वलाचं (म्हणजे हनी बॅजर, खरं अस्वल नव्हे). भारतात त्याच्या तीन जाती आहेत. आपल्या कोकणातल्या नद्या-खाड्यांत दिसतं ते प्रामुख्याने गुळगुळीत, आखूड केसांचं, सात ते अकरा किलोचं. बोटांमध्ये पडदे, शेपूट टोकाकडे चपटी, बुडी मारताना नाक-कान बंद. गढूळ पाण्यात माशाची हालचाल त्याला मिशांनी कळते. मला सगळ्यात नवल वाटतं ते कातडीचं. सील-देवमाशांसारखा चरबीचा थर याच्या अंगावर नाही. ऊब राहते ती दाट आतल्या केसांत अडकलेल्या हवेमुळे, म्हणून पाण्याबाहेर आलं की ते वाळूत, गवतात लोळून अंग कोरडं करतं. याच कातडीपायी त्याची अतोनात शिकार झाली. 2019 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

राहतं कुटुंबाने: नर, मादी, आधीच्या वेतातली पोरं. कधी रांग करून मासे उथळात रेटतात. पिल्लं डोळे मिटलेली जन्मतात, पोहायला त्यांना शिकवावं लागतं!

सिंधुदुर्गात मामाच्या गावी मी आधी त्याची विष्ठाच पाहिली, खाडीकाठच्या एकाच खडकावर रोजची, माशांच्या खवल्यांनी चकाकणारी. कळप तिथेच येऊन एकमेकांना वासाने निरोप ठेवतो. पाणमांजरं जाळी फाडतात म्हणून गावातले मच्छीमार त्यांच्यावर चिडलेले असतात आणि तो राग मला खोटा वाटत नाही, नुकसान होतंच.

बघायचंच असेल तर पहाटे असा खडक शोधा, वारा खडकाकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला लांब बसा. आधी शिट्टीसारखा आवाज येईल, मग पाण्यावर डोकी दिसतील.