चार इंजेक्टरना एकच रेझिस्टर चालेल का?

प्रश्न: काका, माझी जुनी मारुती एस्टीम आहे, एमपीएफआय, म्हणजे दर सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेली. ओळखीच्या मेकॅनिकने बाहेरच्या गाडीचे वापरलेले मोठे इंजेक्टर स्वस्तात मिळवून दिले. मीटर लावला तर गाडीतला जुना इंजेक्टर 13 ओहम दाखवतो, हा नवा 2.7. मेकॅनिक म्हणतो, करंट कमी करायला रेझिस्टर घालायला लागतोय, पण चौघांत मिळून एकच मोठा घातला तरी भागतंय. किती ओहमचा, किती वॅटचा आणि कुठल्या वायरवर घालू?
एक वाचक, खानापूर

उत्तर: बसवायच्या आधी मीटर लावलात, हे फार बरं केलंत. माझ्याकडे बेळगावच्या उद्यमबागेत येणारे बरेच जण इंजेक्टर रेलमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या नळीत, बसतोय, कनेक्टर लागतोय, एवढंच बघून चावी मारतात. आता मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा. 0.3 च्या आसपास आकडा येईल. तो मीटरच्या वायरींचाच. तो वजा केला की तुमचा इंजेक्टर 2.4 ओहमचा. 13 मध्ये एवढ्याने काही बिघडत नाही, पण इथे बिघडतं.

इंजिन चालू असताना गाडीत 14 व्होल्ट धरा. जुन्या इंजेक्टरमधून जेमतेम 1.1 अँपियर जातात, नव्यातून थेट 5.8. इंजेक्टरची वायर अर्थला (निगेटिव्हला) जोडून तो उघडणारा, ईसीयूतला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला ट्रान्झिस्टर त्या 1.1 च्या हिशोबाचा आहे. तो लगेच मरतो असंही नाही, आणि माणूस फसतो ते तिथेच. काही वर्षांपूर्वी जांबोटीकडचा एक मुलगा असे इंजेक्टर थेट जोडलेली गाडी टो करून घेऊन आला. चार दिवस मस्त पळाली म्हणाला, पाचव्या दिवशी मिसिंग, मग बंद. मी आधी ऑइलची दांडी ओढली. ऑइल पाण्यासारखं पातळ, दांडीला पेट्रोलचा भपकारा. तीन नंबरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला होता, चावी ऑन केली की तो इंजेक्टर उघडाच राहायचा. पेट्रोल सिलिंडरमधून थेट खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलं होतं. तशीच सेल्फ मारत बसला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. ईसीयू गेलाच, पण इंजिन वाचलं. तेव्हापासून हे इंजेक्टर कुणी थेट जोडायला सांगितले तर मी सरळ नाही म्हणतो.

तुमच्यासाठी दर इंजेक्टरला एक, असे 6.8 ओहमचे चार रेझिस्टर घ्या. एकूण 9.2 ओहम होतात, करंट दीड अँपियरवर येतो. जुन्यापेक्षा थोडा जास्तच, पण मोठ्या इंजेक्टरच्या आतली, पेट्रोलची वाट उघडणारी सुई उचलायला तेवढा लागतो. एका रेझिस्टरमध्ये जास्तीत जास्त 15-16 वॅटची उष्णता तयार होते. म्हणून सोनेरी ॲल्युमिनियमच्या अंगाचे, निदान 25 वॅटचे घ्या. मी स्वतः 50 चे वापरतो. त्यावर छापलेले वॅट हे पत्र्यावर आवळून बसवल्यानंतरचे असतात. नुसता वायरीला लोंबकळत ठेवलात तर हाताला फोड येईल इतका तापतो.

आता एकाच रेझिस्टरचं. मेकॅनिकचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, एका वेळी एकच इंजेक्टर उघडत असेल तर त्याला दीड अँपियर मिळतील आणि गाडी छान वाटेल. पण चढाला पाय दाबलात की इंजेक्टर जास्त वेळ उघडे राहतात, एकाची वेळ दुसऱ्यावर चढते. दोघं एकाच रेझिस्टरमधून ओढायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला पाऊणच्या थोडा वर, 0.9 अँपियरही नाही. सुई उशिरा उचलते, पेट्रोल कमी पडतं. म्हणजे चोर्ल्याच्या घाटात, माणसं भरलेली असताना, इंजिनला पेट्रोल सगळ्यात जास्त हवं तेव्हाच ते कमी मिळणार. पिस्टन जळतो तो असाच.

वायर शोधताना नवशिका हमखास फसतो. इंजेक्टर जोडलेले ठेवून चावी ऑन केलीत तर दोन्ही वायरींवर 12 व्होल्ट दिसतात, कारण करंट वाहत नसतो आणि इंजेक्टरच्या आतल्या कॉइलमधून व्होल्टेज पलीकडे पोचलेलं असतं. म्हणून चारही कनेक्टर काढा, मग मोजा. ज्या वायरीवर 12 येतात ती सप्लायची. सहसा चारही कनेक्टरवर तिचा रंग एकच असतो. दुसरी, वेगवेगळ्या रंगाची, ईसीयूकडे जाते. तिला हात लावायचा नाही.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सप्लायची वायर चौघांत फुटते त्याच्या आधी तोडा, येणारं टोक चारही रेझिस्टरच्या एका बाजूला एकत्र जोडा, आणि दुसऱ्या बाजूने चार स्वतंत्र वायरी चार इंजेक्टरना न्या. मधला जुना जोड सुटा करायला विसरू नका, तो राहिला तर चारही पुन्हा एक होतात. दीड स्क्वेअरची गाडीचीच वायर वापरा, घरातली नको. पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड खानापूरच्या एका पावसाळ्यात हिरवा पडतो. डाग द्या (सोल्डर करा) किंवा पक्कडीने दाबून नीट क्रिम्प करा, वर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा. 3 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा उद्यमबागेत कुठल्याही मशीन शॉपच्या भंगारात मिळेल. त्यावर हीट सिंक पेस्ट लावून रेझिस्टर बोल्टने बसवा, आणि तो हवा लागेल पण चाकाचं पाणी उडणार नाही अशा जागी, प्लास्टिकपासून लांब लावा. बॅटरी जोडण्याआधी सप्लायच्या टोकापासून प्रत्येक इंजेक्टरच्या पलीकडच्या पिनेपर्यंत मोजा. चारही ठिकाणी 9.2 च्या जवळ यायला हवं. एक जरी वेगळा आला तर जोड उघडा.

एवढं करून ईसीयू वाचेल, गाडी नीट चालेलच असं नाही. ईसीयूला वाटतं आत जुनेच इंजेक्टर आहेत. तो तेवढाच वेळ उघडतो आणि पेट्रोल जास्त पडतं. शिवाय रेझिस्टरमुळे सुई उचलायला थोडा उशीर लागतो, तो फरक आयडलला जाणवतो. दोन्ही गोष्टी ट्युनिंगमध्ये, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलून, भरून काढायला लागतात. तुमचं इंजिन मुळातलंच असेल, टर्बो वगैरे काही नसेल, तर मनापासून सांगतो, 13 ओहमचे जुने इंजेक्टर साफ करून, नव्या ओ-रिंग घालून परत बसवा. ट्युनिंग करणारच असाल तर वरचं सगळं करा, पण जुने इंजेक्टर विकू नका. टोपणं लावून डब्यात ठेवा.