दाढा सस्तनांच्या, जबडा मात्र नाही: ट्रायटिलोडॉन्ट नेमके कुठे बसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ट्रायटिलोडॉन या नामशेष प्राण्याला एका पुस्तकात 'आद्य सस्तन' म्हटलंय, दुसऱ्यात 'सस्तनसदृश सरीसृप' आणि तिसरीकडे नुसतं 'सायनोडॉन्ट'. यातलं बरोबर कोणतं, परीक्षेत काय लिहायचं, आणि असं काही आपल्या सिरोंचा भागात सापडलंय का?

परीक्षेचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. सिनॅप्सिडा, त्यात थेरॅप्सिडा, त्यात सायनोडॉन्शिया (ज्या गटातून पुढे सस्तन आले), त्यात ट्रायटिलोडॉन्टिडी हे कुळ (त्यातले प्राणी ते ट्रायटिलोडॉन्ट), असं लिहा. सस्तन नाहीत आणि सरीसृपही नाहीत. सस्तनांचे अगदी जवळचे, पूर्ण नामशेष झालेले, वनस्पती चावून खाणारे भाऊबंद. तिसरं पुस्तक बरोबर आहे. पण पहिल्या दोन पुस्तकांनी चूक का केली, हे समजून घेतलंत तर पाठांतराची गरज उरणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं आणि हा विषय मला फार जवळचा आहे.

'सस्तनसदृश सरीसृप' हा शब्द आमच्या पिढीने शिकला आणि पुढे शिकवलाही. आता तो टाकून द्यायला हवा. तो ऐकला की वाटतं, आधी पाली-मगरींसारखे सरीसृप होते, त्यातले काही हळूहळू सस्तनांकडे वळले. तसं घडलेलं नाही. जमिनीवर अंडी घालू शकणाऱ्या प्राण्यांचं घराणं सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी दोन शाखांत फुटलं. एका शाखेतून पाली, साप, कासवं, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी आले. दुसऱ्या शाखेतून, म्हणजे सिनॅप्सिडांतून, शेवटी आपण आलो. आपले त्या शाखेतले पूर्वज कोणत्याही टप्प्यावर पहिल्या शाखेत नव्हते. चुलत घराण्याचं आडनाव आपल्या खापरपणजोबांना लावावं, तसा तो जुना शब्द आहे.

आता सस्तन कोणाला म्हणायचं? दूध आणि केस दगडात सहसा उरत नाहीत, म्हणून जीवाश्मांचे अभ्यासक गेली कित्येक दशकं जबड्याच्या सांध्याकडे पाहतात. हे वाचून डोक्यात बसत नाही, हातात घेऊन पाहावं लागतं. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, मटणाच्या दुकानातून बोकडाची मुंडी आणा, उकळा, मांस काढा. खालचा जबडा मधून दोन भागांत सुटतो आणि प्रत्येक भाग म्हणजे अखंड एकच हाड असतं, डेंटरी. ते मागे थेट कवटीच्या स्क्वामोसल हाडाला टेकतं. आता कोंबडीचं डोकं घ्या. तिचा खालचा जबडा अनेक हाडं जुळून झालेला असतो. त्याच्या मागच्या टोकाला आर्टिक्युलर, आणि ते टेकतं क्वाड्रेट नावाच्या एका छोट्या, सुट्या हाडाला. नखाने हलवलंत तर ते क्वाड्रेट हलतं.

मग बोकडाची ती दोन हाडं गेली कुठे? सांध्याच्या मागे कवटीला एक टणक गाठ असते, ती जपून फोडा. आत तांदळाच्या दाण्याएवढी हाडं मिळतील, हातोडा आणि ऐरण, शिवाय तिळाएवढी रिकीब. हातोडा म्हणजे आर्टिक्युलर आणि ऐरण म्हणजे क्वाड्रेट. जबड्याचा सांधा सोडून ती कानात गेली. कार्ल रायशर्ट यांनी १८३७ मध्ये डुकराच्या गर्भांवरून हे दाखवलं, तेव्हा डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत अजून जाहीरही झालेला नव्हता. वर्गात ती हाडं पांढऱ्या कागदावर ठेवली की मुलं काही क्षण बोलायचीच नाहीत.

आता ट्रायटिलोडॉनकडे येऊ. १८८४ साली रिचर्ड ओवेन यांनी दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या एका कवटीचं वर्णन केलं आणि तिला नाव दिलं ट्रायटिलोडॉन लाँगीव्हस. त्यांच्या मते ते ट्रायसिक काळातलं सस्तन होतं. असं का वाटलं, हे दाढा पाहिल्या की लगेच कळतं. वरच्या प्रत्येक दाढेवर उंचवट्यांच्या तीन रांगा, पुढून मागे जाणाऱ्या. खालच्या दाढेवर दोन. खालच्या दोन रांगा वरच्या तीन रांगांमधल्या दोन खाचांत बरोबर बसतात. प्रत्येक उंचवटा चंद्रकोरीसारखा वळलेला, आणि झिजला की कडेला धार येणारा. खालचा जबडा मागे ओढला की या कोरी एकमेकींवरून सरकतात आणि मधला पाला कातरला जातो. खिसणीवर खिसणी घासावी तसं. समोर उंदरासारखे मोठे पटाशीचे दात, मग मोकळी जागा, मग दाढा. सुळे नाहीतच. दाढांना एकाहून जास्त मुळं. हे सगळं पाहून कोणीही सस्तनच म्हणेल, आणि ओवेन यांच्या हाती कवटीचा फक्त पुढचा भाग होता. जिथे निकाल लागतो, तो मागचा सांधा त्या तुकड्यात नव्हता.

दहाएक वर्षांतच हॅरी सीली यांनी शंका काढली, पण तरीही बराच काळ ट्रायटिलोडॉनला मल्टिट्युबरक्युलेट नावाच्या नामशेष सस्तनांबरोबर ठेवलं जायचं. त्यांच्याही दाढांवर उंचवट्यांच्या रांगा असतात. उलगडा झाला तो पूर्ण कवट्या आणि जबडे मिळाल्यावर. चीनच्या युन्नान प्रांतात ल्युफेंगला यांग झोंगजियान यांना बिएनोथेरियम मिळालं, त्याचं नामकरण १९४० चं. इंग्लंडमध्ये मेंडिप टेकड्यांतल्या एका खाणीत, खडकाच्या भेगेत साठलेल्या गाळातून वॉल्टर क्यूने यांनी ओलिगोकायफसची सुटी हाडं मोठ्या संख्येने जमवली आणि १९५६ मध्ये त्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. या जबड्यांत डेंटरी खूप मोठी झालेली आहे, मागची हाडं बारीक काडीसारखी होऊन आतल्या बाजूच्या खोबणीत बसली आहेत, पण सांधा अजून क्वाड्रेट आणि आर्टिक्युलरचाच आहे. म्हणजे दाढा बोकडाच्या कामाच्या, सांधा कोंबडीच्या जातीचा. सांध्याच्या कसोटीवर ट्रायटिलोडॉन्ट सस्तनांच्या उंबऱ्याबाहेर राहतात.

इथवर आता फारसा वाद नाही. तुम्ही वाचलेल्या पानांत जो गोंधळ दिसतो, तो पुढच्या प्रश्नाचा आहे, आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो. बाहेर, पण सायनोडॉन्टांच्या कोणत्या फांदीवर?

सायनोडॉन्टांच्या दोन मोठ्या फांद्या मानतात. एक सायनोग्नाथिया. तिच्यात ट्रॅव्हर्सोडॉन्ट नावाचे वनस्पतिभक्षी येतात, आडव्या, रुंद दाढांचे. दुसरी प्रोबायनोग्नाथिया, जिच्यातून सस्तन आले. ट्रायटिलोडॉन्ट हे ट्रॅव्हर्सोडॉन्टांचेच वंशज, असं क्रॉम्प्टन, स्यूस, हॉप्सन यांसारखे मोठे अभ्यासक मांडत आले. त्यांचा आधार मुख्यतः दाढा आणि चावण्याची रीत हा होता. दोन्ही गटांत दाढा रुंद, आणि दोन्हींत खालचा जबडा मागे ओढून चावणं. उलट केम्प, रोव यांनी कवटी आणि बाकीचा सांगाडा पुढे केला. ट्रॅव्हर्सोडॉन्टांच्या डोळ्यामागे हाडाची एक उभी पट्टी असते. ट्रायटिलोडॉन्टांमध्ये ती नाही. डोळ्याची खोबण मागे उघडीच, जशी आपल्या मांजराच्या कवटीत दिसते. पायांची आणि कमरेची हाडंही सस्तनांकडे झुकलेली.

माझं मत विचाराल तर मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि आजची बहुतेक विश्लेषणंही ट्रायटिलोडॉन्टांना सस्तनांच्या शेजारीच ठेवतात. कारण साधं आहे. पाला चावायचा तर दाढ रुंद लागते, खरखरीत पृष्ठ लागतं, आणि जबडा घासण्याची सोय लागते. हे काम ज्याच्या वाट्याला आलं, त्याची दाढ थोड्याफार फरकाने तशीच घडली. ट्रॅव्हर्सोडॉन्टांत घडली, ट्रायटिलोडॉन्टांत घडली, मल्टिट्युबरक्युलेटांत घडली, आणि कितीतरी नंतर उंदरांत. डोळ्यामागची पट्टी जाणं किंवा कमरेच्या हाडाचा आकार बदलणं याचा पाला खाण्याशी तसा थेट संबंध नाही. म्हणून नातं शोधताना मी त्यांचं वजन जास्त धरतो.

याच कुळातला एक जीवाश्म तुम्ही जरूर पाहा. ॲरिझोनाच्या उत्तर भागातल्या कायेंटा खडकांतून २००० साली टिमोथी रोव यांच्या चमूने कायेंटाथेरियमचा एक दगड काढला. आत एकच सांगाडा आहे असं वाटत होतं. काही वर्षांनी तो साफ करताना एका विद्यार्थ्याला दातावरच्या आवरणाचा बारीकसा ठिपका दिसला. मग सीटी स्कॅन झालं, आणि आत आईजवळ निदान ३८ पिल्लं निघाली. त्यांच्या कवट्या आईच्या कवटीच्या सुमारे एक-दशांश लांबीच्या. ईव्हा हॉफमन आणि रोव यांनी २०१८ मध्ये हे प्रसिद्ध केलं. एका वेतात ३८ हा आकडा आजच्या सस्तनांत बसत नाही. अंडी घालणाऱ्या सरीसृपांच्या जवळचा आहे. शिवाय सस्तनांची पिल्लं मोठ्या डोक्याची, आखूड चेहऱ्याची असतात. या पिल्लांच्या कवटीची ठेवण मोठ्यांसारखीच होती. म्हणजे सस्तनांच्या इतक्या जवळ येऊनही थोडी पिल्लं आणि मोठा मेंदू हा बदल अजून झालेला नव्हता. सुमारे साडेअठरा कोटी वर्षांपूर्वीची ती आई आहे. सांध्याच्या एका कसोटीवर काढलेली रेघ जिवंत प्राण्याच्या बाबतीतही अर्थपूर्ण ठरते, हे मला त्या दगडावरून पटलं.

डायसिनोडॉन्टांचंही तुम्ही ओझरतं विचारलंय. त्यांना यात मिसळू नका. तेही सिनॅप्सिड आणि तेही वनस्पतिभक्षी, पण सायनोडॉन्ट नव्हेत, बरेच दूरचे. चोच आणि बहुतेकांना दोन सुळे. आपल्याकडे राणीगंजजवळच्या पांचेत खडकांतला लिस्ट्रोसॉरस त्यांच्यातलाच. पोलंडचा लिसोविशिया तर हत्तीएवढा होता. तो एवढा मोठा असूनही आपल्या नात्यात कायेंटाथेरियमपेक्षा पुष्कळ लांब पडतो.

आता सिरोंचा. प्राणहितेच्या खोऱ्यात हे खडक दोन्ही तीरांवर आहेत. नदीपलीकडे, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात मलेरीचे लाल मातीखडक आहेत, ट्रायसिक काळाच्या उत्तरार्धातले. त्यांतून शंकर चॅटर्जी यांनी १९८२ मध्ये एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिकी वर्णन केला. तोच ट्रॅव्हर्सोडॉन्ट, म्हणजे ट्रायटिलोडॉन्टांचे पूर्वज समजले गेलेल्या गटातला. जातीचं नाव कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेवरून आहे, कारण संस्थेचे संस्थापक महालनोबीस यांनी तिथे भूविज्ञानाचा विभाग उभा केला आणि या खोऱ्यातलं बरंच खोदकाम त्याच विभागाने केलं. गंमत म्हणजे त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही 'सायनोडॉन्ट सरीसृप' असाच शब्द आहे. १९८२ पर्यंत उत्तम अभ्यासकही तसंच लिहीत होते, तेव्हा तुमच्या पुस्तकाला फार दोष देऊ नका. मध्य प्रदेशातल्या टिकी खडकांतूनही २०१५ मध्ये रुबेरोडॉन हा आणखी एक ट्रॅव्हर्सोडॉन्ट नोंदवला गेला.

अलीकडच्या तीरावर, गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळचं कोटा गाव. त्याच गावावरून ज्या खडकांना कोटा म्हणतात, ते जुरासिक, म्हणजे ट्रायसिकच्या लगेच नंतरच्या काळातले. बारापासॉरस हा मोठा डायनोसॉर त्याच थरांतला, खोऱ्याच्या पलीकडच्या बाजूचा. त्यांतूनच १९८१ मध्ये कोटाथेरियम हाल्डेनी नोंदवलं गेलं, पण ते सस्तनांच्या रेघेच्या आतलं आणि किडे खाणाऱ्या ठेवणीच्या दाढेचं. २०१३ मध्ये याच थरांतून इंडोबातार झोफिई हा मल्टिट्युबरक्युलेट नोंदवला गेला, तोही दातावरून. जातीचं नाव पोलंडच्या जीवाश्मतज्ज्ञ झोफिया किएलान-याव्होरोव्स्का यांच्यावरून आहे.

दातांवरच भागवावं लागलं की काय होतं, याचं ताजं उदाहरण हारामियिडांचं. हाही दाढांवर उंचवट्यांच्या रांगा असलेला, वनस्पती खाणारा नामशेष गट. २०१३ च्या ऑगस्टमध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात चीनमधल्या दोन सांगाड्यांवर दोन निबंध आले. आर्बोरोहारामिया वर्णन करणाऱ्यांनी हा गट सस्तनांत घातला. मेगाकोनस वर्णन करणाऱ्यांनी बाहेर ठेवला. आत घातला तर सस्तनांचा उगम ट्रायसिकमध्ये न्यावा लागतो, बाहेर ठेवला तर जुरासिकमध्ये येतो. २०१५ मध्ये ग्रीनलंडच्या हारामियाव्हियाचा जबडा पुन्हा स्कॅन झाला आणि मागची हाडं बसण्याची जुनी खोबण त्यात दिसली, म्हणजे कौल बाहेरच्या बाजूने. तरी वाद मिटलेला नाही.

आणि या गटाचा एक धागा आपल्या दख्खनच्या लाव्हापर्यंत येतो. तेलंगणात नसकलजवळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळातून एक छोटी दाढ मिळाली. २००६ मध्ये तिचं वर्णन झालं, नाव अवशिष्ट बाचारामेन्सिस. इतर हारामियिड कोट्यवधी वर्षांपूर्वी संपले असताना हा एक मागे उरला असावा, म्हणून 'अवशिष्ट'. वर्णन करणाऱ्यांनी शीर्षकातच 'संभाव्य' असं लिहून ठेवलंय, आणि ते योग्यच केलंय. हातात दाढ एकच आहे. जबड्याची मागची बाजू अजून मिळायची आहे.