वस्तीतल्या मुलाच्या पाठीवर वळ दिसले, आता पुढे काय?

तुम्ही विचारलंय की एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहात, फिल्डवर्क गोवंडीत आहे, अभ्यासवर्गाला येणाऱ्या सात वर्षांच्या मुलाच्या पाठीवर वळ दिसले आणि संस्थेतल्या ताई म्हणतात, 'पक्की खात्री झाल्याशिवाय कुठे बोलू नकोस.' तर खात्री कशी करायची आणि कळवायचं कुणाला?

खात्री करत बसू नका. शंका आली की कळवायचं, तपास करणारे दुसरे आहेत. मला हे कळेपर्यंत एक मूल हातचं गेलं.

मी मानखुर्दला नवीन होते. सुट्टीतल्या वर्गाला एक मुलगी यायची, मे महिन्याच्या घामट उकाड्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून. चित्र रंगवताना बाही वर सरकली की ती खाली ओढायची आणि कुणी बघितलं का म्हणून हळूच सगळ्यांकडे नजर फिरवायची. एकदा दिसलंच. मनगटाच्या वर दोन सरळ, शेजारी शेजारी, बोटभर लांबीचे डाग. सांडशी तापवून टेकवल्यावर उठतात तसे. मी त्याच संध्याकाळी शहाणपणा केला, थेट घरी गेले. चहा झाला, आईला समजावलं, तिने मान डोलावली, 'परत नाही होणार ताई' म्हणाली. तीन दिवसांनी गेले तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, गावाला गेले. कुठलं गाव, तिलाही माहीत नव्हतं. माझ्या डायरीत त्या मुलीबद्दल एक ओळ नव्हती.

आता ओळखण्याबद्दल. खेळणारं मूल पुढच्या बाजूने आपटतं: गुडघे, नडगी, कोपर, कपाळ. कानामागे, मानेवर, पाठीवर, दंडाच्या किंवा मांडीच्या आतल्या बाजूला, कुल्ल्यांवर खुणा असतील तर थांबून बघा. पट्ट्याचा, वायरचा, उलथन्याचा आकार कातडीवर तसाच उमटतो. जुन्या-नव्या खुणा एकत्र असतील, 'कसं लागलं' याची हकीकत माणसागणिक बदलत असेल, तर शंका वाढते. पण तान्ह्या बाळांच्या कमरेखाली निळसर-करडे डाग पुष्कळदा जन्मतःच असतात, वय वाढतं तसे विरतात. नवी कार्यकर्ती ते बघून हादरते. आईवर धावून जाण्याआधी बाळ डॉक्टरांना दाखवा.

लैंगिक अत्याचारात बहुतेक वेळा अंगावर काहीच दिसत नाही. अचानक अंथरूण ओलं होऊ लागणं, एका ठरावीक काकांचं नाव निघताच गप्प होणं, वयाला न शोभणारं काही खेळात करून दाखवणं, इतकंच हाती लागतं. यांपैकी एखादी गोष्ट दुसऱ्या कारणानेही होऊ शकते. मुलगे यातून सुटतात असं समजू नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, अठरा वर्षांखालच्या सगळ्यांनाच लागू आहे.

सर्वांत अवघड हेळसांड. आपल्या भागात दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, पाणी रांगेत उभं राहून मिळतं. अशा घरातलं मूल मळकं असणं म्हणजे हेळसांड नव्हे, गरिबी आहे. मी स्वतःला विचारते, असलेल्यातून या मुलाच्या वाट्याला काही येतं का? घरकामाला जाणारी आई चार वर्षांच्या पोराला कडी लावून कोंडून जाते, तेव्हा पोर धोक्यात आहेच. पण पाळणाघराचे पैसे नाहीत, अंगणवाडी दुपारी सुटते, ती करणार काय? तिथे आधी मदत उभी करा. याउलट घरातली बाकीची भावंडं खाऊनपिऊन आहेत आणि हे एकच पोर खिचडी मिळताच अर्धी पिशवीत लपवतंय, कान फुटून महिना झाला तरी दवाखाना दाखवलेला नाही, तिथे प्रश्न पैशाचा राहत नाही.

मूल आपणहून बोललं तर ऐका. एकदाच. 'बाबांनी मारलं का?' असं तोंडात उत्तर घालू नका, 'मग काय झालं?' एवढं पुरे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तर अजिबात देऊ नका, ते पाळता येत नाही. नंतर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, हिंदीत बोललं तर हिंदीत. 'वडील क्रूर वाटले' हे तुमचं मत झालं. 'पाठीवर तिरपे तीन वळ, एकावर खपली' हे नोंदीत लागतं.

कळवायचं १०९८ वर. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये तुमच्या शेजारच्या देवनारच्या टिसमधूनच (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुरू झाली. २०२३ पासून ती सरकार चालवतं आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशीही जोडली आहे. सोबत बालकल्याण समितीला (अडचणीतल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) लेखी द्या आणि पोचपावती घ्या. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या समितीचं काम मानखुर्दला चालतं, धारावीचं मूल असतं तर डोंगरीला जावं लागलं असतं. मुलाला स्वतः उचलून कुठे नेऊ नका. समितीसमोर आणलं म्हणजे बालगृहातच टाकतात असंही नाही. कित्येक मुलं देखरेखीखाली घरीच राहतात.

तुमच्या ताईंना एक सांगा, वाद न घालता. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षभरापर्यंत. सद्भावनेने दिलेली खबर चुकीची निघाली तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही. नुसत्या मारहाणीला बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ आहे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरता केली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. वस्तीतले मोठे 'आपसात मिटवू' म्हणतील. मिटतं ते मोठ्यांचं.

तुमच्या मुलाबाबत आजच फोन लावा. त्याआधी पत्ता नीट मिळवा. नुसता खोली नंबर सांगितला तर आपल्या गल्ल्यांत कुणी पोचत नाही. कुठल्या मशिदीमागे, कुठल्या नळाच्या लायनीत, घरमालक कोण, हे लिहून ठेवा. आणि अभ्यासवर्गाच्या हजेरी फॉर्मवर बघा, त्याच्या गावाचं नाव, निदान तालुका तरी भरलेला आहे का.