क्यू-टिपपासून सुरू कर

हिप-हॉप ऐकायला सुरुवात करायचीय ना? अरे, एकदम शंभर अल्बमची यादी घेऊन बसू नकोस, दमशील. आधी रॅपर क्यू-टिपचा 'द रेनेसान्स' लाव. ४ नोव्हेंबर २००८ ला आला, ओबामा निवडून आले त्याच दिवशी. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिप-हॉप ग्रुपचा हा गडी; याआधीचा त्याचा सोलो अल्बम थेट १९९९ चा.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, बेसचा पत्ताच लागणार नाही. साधा वायरवाला हेडफोन चालेल. पहिल्या खेपेला शब्दांच्या मागे लागू नकोस, नुसता ड्रम पकड. याच अल्बममधलं 'गेटिन अप' तीनदा ऐक. मग ब्लॅक आयव्हरी या ग्रुपचं जुनं 'यू अँड आय' लाव. कुठला तुकडा उचललाय ते सापडलं की जागेवर उडशील! सँपलिंगला, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा उचलून नव्यात वापरण्याला, चोरी म्हणणाऱ्यांत मीही होतो. त्या दिवसापासून गप्प आहे.

'मूव्ह'चा बीट जे डिला या प्रोड्युसरचा. तो बिचारा २००६ मध्येच गेला. 'लाइफ इज बेटर'मध्ये नोरा जोन्स गाते (हो, आपल्या पंडित रविशंकरांची मुलगी) आणि टिप एकेका रॅपरचं नाव घेत जातो. ती नावं वहीत उतरवून घे. तुझी पुढची यादी तीच.