ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारे काका तालुक्याच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षं बाबू होते. आता निवृत्त आहेत.)

प्रश्न : काका, नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. बी.एस्सी. झाली, पण बाबांचं मणक्याचं ऑपरेशन निघालं म्हणून एक वर्ष घरीच गेलं. आता अमरावतीला एम.एस्सी. केमिस्ट्रीला नंबर लागला. आम्ही अनुसूचित जातीतले. तीन एकर कोरडवाहू वावर, बाकी आई-बाबांची मजुरी. गावातल्या ऑनलाइनवाल्या दादाकडं शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला. त्यानं दोनशे रुपये घेतले आणि 'झालं तुझं काम' म्हणाला. आता कॉलेजातल्या मॅडम म्हणतात, तुझा फॉर्म आमच्याकडं दिसतच नाही. दुसरं म्हणजे माझी दोन खाती आहेत, एक शाळेपासूनचं बँकेतलं, दुसरं लाडक्या बहिणीच्या वेळी पोस्टमनकाकांनी काढून दिलेलं. कॉलेजात मी बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स दिली. वर्ष वाया गेलं त्याचा पाचशेच्या स्टँपवर दाखला लागतो म्हणतात, खरं का? खोलीचं भाडं झेपत नाही. काय करू?

उत्तर : पोरी, आधी एक सांग. त्या दादानं फॉर्म भरला तेव्हा ओटीपी कोणाच्या फोनवर आला? तुझ्या, की त्याच्या?

तू पत्रात लिहिलं नाहीस, पण माझी खात्री आहे, त्याच्याच. खेड्यात रेंज नसते, पोरीचा फोन घरी भाऊ घेऊन बसलेला असतो, मग ऑनलाइनवाला स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. त्याचं काम दोन मिनिटांत उरकतं. पुढं वर्षभर महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळाचे, सगळे निरोप त्याच्या फोनवर जातात, आणि त्याच्याकडं तुझ्यासारखी दीडशे पोरं असतात. मुद्दाम कोणी करत नाही, पण नुकसान तुझंच होतं.

हे मी एवढं ठासून सांगतो, कारण एकदा चूक माझ्याच हातून झाली. बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा फॉर्म वरच्या कार्यालयातून परत आला. कारण साधं होतं, गुणपत्रिकेचा फोटो अंधूक, नीट वाचता येत नव्हता. मी फॉर्मवरच्या नंबरावर फोन लावला. उचलला ऑनलाइनवाल्यानं. 'सांगतो तिला,' म्हणाला. मीही रजिस्टरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'कळवले' असं लिहून टाकलं. पंधरा दिवस परीक्षेच्या गडबडीत गेले आणि तारीख निघून गेली. शेवटच्या वेचणीच्या दिवसांत ती पोरगी मायसंगं आली. मायच्या लुगड्याला कापूस चिकटलेला. 'बाबूजी, आमचे पैसे अजून आले नाहीत.' मी रजिस्टर उघडलं तर माझं ते 'कळवले' तिथंच होतं. तिची परीक्षा फी मी खिशातून भरली, पण शिष्यवृत्ती त्या वर्षाची गेली ती गेलीच. तेव्हापासून मी फोनवर निरोप ठेवणं सोडलं. वर्गात जाऊन नाव पुकारायचो. प्राध्यापक मंडळी वैतागायची, वैतागू देत.

आता तुझा फॉर्म. कॉलेजला दिसत नाही याची मला दोनच कारणं दिसतात. एक, फॉर्म भरून नुसता जतन केला, 'सादर' केलाच नाही. दुसरं, आणि मला हेच जास्त वाटतं, फॉर्म तुझ्या जुन्या कॉलेजच्या लॉगिनला जाऊन बसला. बी.एस्सी.च्या वेळचं तुझं प्रोफाइल आहे, त्यात शेवटचा अभ्यासक्रम बी.एस्सी. तिसरं वर्ष असा राहिला असेल. नवं कॉलेज, नवा अभ्यासक्रम, प्रथम वर्ष, हे त्यात भरावं लागतं. ते न बदलता पुढं ढकललं की अमरावतीच्या मॅडमला कसा दिसणार? नवीन प्रोफाइल मात्र कोणाच्या सांगण्यावरून काढू नको. एका आधारला एकच प्रोफाइल, दुसऱ्यानं गुंता वाढतो.

म्हणून पहिलं काम आधारला तुझा स्वतःचा मोबाइल नंबर जोडण्याचं. पोस्टात किंवा आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन होतं. मग आधारच्या ओटीपीवर तूच लॉगिन कर. गावात रेंज नसेल तर धुऱ्यावर जाऊन उभी राहा, पण ओटीपी स्वतः वाच. आत गेल्यावर 'अर्जाची स्थिती' उघड आणि फॉर्म कोणाच्या टेबलावर आहे ते बघ. आधी कॉलेजचा लिपिक, मग प्राचार्य, मग समाजकल्याणचं जिल्हा कार्यालय, या रांगेनं तो सरकतो. 'परत पाठवले' असं दिसलं तर खाली कारण लिहिलेलं असतं. ते वाच, दुरुस्त कर, पुन्हा सादर कर आणि त्याच दिवशी त्या मॅडमना प्रत्यक्ष जाऊन सांग. जुन्या कॉलेजकडं गेला असेल तर तिथल्या बाबूला जाऊन भेट आणि परत पाठवायला सांग. फोनवर भागत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

खात्याचं सोपं आहे. शिष्यवृत्तीचे पैसे पासबुकातल्या नंबरावर जात नाहीत, आधारवर जातात. आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलेलं असेल तिथं पडतात. तू लाडक्या बहिणीसाठी पोस्टात खातं काढलंस, तेव्हा पोस्टमनकाकांनी अंगठा घेतला असेल. त्याच वेळी जोडणी बँकेतून पोस्टाकडं सरकली असणार. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते, तिथं नाव बघून घे. पोस्टाचं निघालं तर राहू दे. दोन्ही योजनांचे पैसे एकाच खात्यात आले तर काही बिघडत नाही, फक्त ते खातं चालू ठेव, महिन्या-दोन महिन्यांत थोडे पैसे काढ-घाल कर. अर्ज मंजुरीला असताना जोडणी इकडून तिकडं फिरवू नको.

पैसे एकदम येत नाहीत. केंद्राचा हिस्सा ६० टक्के, राज्याचा ४०, आणि ते वेगवेगळ्या वेळी पडू शकतात. त्यात कॉलेजचं शुल्कही असतं. खात्यात रक्कम दिसली की घरी खताची उधारी आठवते, मला माहीत आहे, पण शुल्काचा भाग कॉलेजचा आहे. तो लगेच भरून पावती घे. न भरलेल्या शुल्कापायी निकाल आणि टीसीसाठी मागं लागलेली पोरं मी पाहिली आहेत.

गॅपसाठी पाचशेचा स्टँप नको. साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र लिही : अमुक साली बी.एस्सी. उत्तीर्ण, वडिलांच्या आजारपणामुळे एक वर्ष कुठंही प्रवेश घेतला नाही. खाली सही. बाबांच्या ऑपरेशनचा दवाखान्याचा कागद असेल तर सोबत ठेव, कोणी विचारलं तर दाखवायला होतो.

आणि खोलीचं भाडं. तुझ्या पत्रात सगळ्यात शेवटी लिहिलेली ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहाला आधी अर्ज कर. तिथं जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. महानगरपालिकेच्या शहरात म्हणजे अमरावतीसारख्या ठिकाणी जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ५१ हजार रुपये. त्याच शहरातली रहिवासी असलेल्या मुलीला मिळत नाही, पण तू तर घाटंजीकडची. यासाठी शिष्यवृत्तीहून वेगळा अर्ज आहे. ऑनलाइनवाल्याला स्वाधार माहीत नसेल, त्याच्यावर विसंबू नको. समाजकल्याणच्या कार्यालयात स्वतः जा, खोलीमालकाचा भाडेकरार सोबत घे. घरमालक करार द्यायला का-कू करतात. खोली ठरवतानाच ती गोष्ट बोलून घे.

प्रश्न : काका, माझा मुलगा यंदा इंजिनीयरिंगला लागला. आम्ही खुल्या प्रवर्गातले, अडीच एकर पऱ्हाटी आहे. यंदा बोंडअळीनं निम्मं गेलं. उत्पन्नाच्या दाखल्यात शून्य लिहावं का? ईबीसीचा फॉर्म एवढाच आहे का आणखी काही मिळतं?

उत्तर : भाऊ, शून्य लिहू नका. शून्य उत्पन्नाचा माणूस जगतो कसा, हा प्रश्न पुढं कोणीतरी विचारतंच. माझ्या टेबलावर एकाच गावचे दहा-बारा दाखले यायचे, सगळ्यांवर एकवीस हजार. गरीब आणि सावकार दोघांचंही एकवीस हजार! पटवाऱ्यानं निराधार योजनेच्या उत्पन्न मर्यादेचा आकडा पाठ केलेला असायचा, तोच सगळीकडं. तुमचं खरं असेल ते सांगा : कापसाचा जो चुकारा हाती आला तो, सोबत बाहेरची मजुरी, असेल तर दूधदुभतं. ईबीसी म्हणता ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तिची मर्यादाच ८ लाख आहे. अडीच एकरवाल्यानं आकडा कमी करून काय मिळवायचं? मुलगा पहिल्या दोन अपत्यांपैकी आहे ना, एवढं बघा, कारण ती कुटुंबातल्या दोघांनाच आहे.

आणखी मिळतं. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. आपल्याच पापळ गावचे भाऊसाहेब, त्यांच्या नावाची योजना, आणि आपल्याकडचीच पोरं ती भरायची विसरतात! कारण महाडीबीटीवर ती ईबीसीच्या पोटात नसते, वेगळी निवडावी लागते. त्यासाठी तहसीलचा अल्पभूधारक दाखला लागतो. सातबारा आणि आठ-अ ताजे काढा. वावर तीन भावांच्या नावावर सामाईक असेल तर तुमच्या हिश्शाची नोंद बघून घ्या, तिथंच अडतं.

दाखल्यासाठी पटवारी गाठायचा तर सोमवारी जाऊ नका, आमच्याकडं त्या दिवशी ते तहसीलला मीटिंगला असायचे. मंगळवारी सकाळी साझ्यावर जा, आणि उत्पन्नाचा, अल्पभूधारकाचा दोन्ही अहवाल एकाच फेरीत लिहून घ्या.