प्राचीन इजिप्तमधील मंदिर-अधिकाऱ्यांच्या थडग्यांत शेतीची आणि मेजवानीची चित्रे का असतात?

मृत्यूनंतरच्या निवासाच्या भिंतींवर अशी संसारी चित्रे कशासाठी, हा आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम तीरावर, शेख अब्द अल-कुर्नाच्या टेकडीत कोरलेल्या नख्तच्या थडग्याच्या (क्रमांक ५२) आधारे मी त्याचे उत्तर देतो.

नख्त हा इ.स.पू. १४००च्या सुमारास, अठराव्या घराण्याच्या काळात, अमुन देवाच्या मंदिरात सेवेला होता. त्याची पत्नी तावी त्याच देवाची गायिका होती. त्याच्या पदाचे भाषांतर ‘खगोलज्ञ’ असे केले जाते, परंतु ताऱ्यांवरून रात्रीचे प्रहर ओळखून पूजाविधींची वेळ सांभाळणे, असे ते काम होते. आश्चर्य म्हणजे, या कामाचे एकही चित्र भिंतींवर नाही. तेथे नांगरणी, कापणी आणि मळणी आहे, झाडाला टांगलेल्या पखालीतून पाणी पिणारा मजूर आहे, द्राक्षे तुडवणारी माणसे आहेत. याचे कारण असे की, जे रंगवले आणि लेखात नोंदवले ते मृताला परलोकात खरोखर लाभते, अशी इजिप्शियन श्रद्धा होती; म्हणजे ही चित्रे त्याची अखंड शिधासामग्री होती.

मेजवानीच्या चित्रामागे आणखी एक गोष्ट आहे. प्रत्यक्ष दफन खाली, विवरातून जाणाऱ्या बंदिस्त कक्षात होत असे, तर चित्रांचा दर्शनी कक्ष नातलगांसाठी खुला राही. ‘खोऱ्याच्या सुंदर उत्सवा’त अमुनची मूर्ती पूर्व तीरावरील कर्नाकच्या मंदिरातून नदीपार येई, तेव्हा कुटुंबे आपल्या पितरांच्या थडग्यांत जमून खातपीत असत. नख्तच्या भिंतीवरील आंधळा वीणावादक, वाद्ये वाजवणाऱ्या तीन तरुणी आणि खुर्चीखाली मासा खाणारे मांजर या भेटीशी जोडूनच पाहावेत, असे मला वाटते. त्या तिघींपैकी मधली, मान मागे वळवून उभी असलेली तंतुवादिका ही मला त्या काळच्या चित्रकलेतील सर्वांत जिवंत आकृती वाटते.

टेकडीचा चुनखडक कोरीव कामास योग्य नसल्यामुळे गिलाव्यावर रंगकाम केले गेले आणि तेही अपुरे राहिले: दलदलीत मासे मारणाऱ्या नख्तच्या हातांची पकड नेमकी आहे, पण त्यांत भाला रंगवलेलाच नाही. पुढे, अमुनऐवजी केवळ सूर्यबिंबरूपी अतेन देवाला मानणाऱ्या अखेनातेन या राजाच्या काळात, अमुनचे नाव जेथे जेथे होते तेथून ते छिन्नीने खरवडण्यात आले, त्यामुळे नख्तच्या पदनामातही आज त्याच्या देवाच्या जागी खाच दिसते.